६१७४ चं गूढ आणि देवळालीचे कापरेकर मास्तर

भंडाऱ्याच्या एसटी स्टँडबाहेर थोडा वेळ उभं राहिलं, की एमएच ३६ ची कितीतरी वाहनं नजरेसमोरून जातात. प्रत्येकाच्या पाटीवर शेवटी चार आकडे असतात. त्यातली कोणतीही एक पाटी निवडा. अट एकच, चारही आकडे सारखे नकोत. आता त्या चार आकड्यांची मोठ्यात मोठी संख्या बनवा, लहानात लहान संख्या बनवा आणि मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल, त्याच्यावर पुन्हा हेच करा.

पाटी जवळ नसेल तर भंडारा शहराचा पिनकोड घेऊ, ४४१९०४. त्याचे शेवटचे चार आकडे १९०४.

९४१० − ०१४९ = ९२६१
९६२१ − १२६९ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ वर तेच करून बघा. ७६४१ − १४६७ = ६१७४. गाडी इथे थांबली. आता कितीही वेळा करा, उत्तर तेच.

भंडाऱ्याचा एसटीडी कोड ०७१८४. त्यातला ७१८४ घेतला तर सहा पायऱ्या लागतात, पण शेवट ६१७४ वरच होतो. तुमसरहून निघा नाहीतर पवनीहून, शेवटचा थांबा ठरलेला. ही संख्या आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. प्रोग्रामिंग शिकणारी मुलं ‘लूप’ चा सराव म्हणून ती पडताळून बघतात. पण हे कापरेकर म्हणजे नाशिकजवळच्या देवळालीचे एक शाळामास्तर, हे त्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं.

डहाणू ते देवळाली

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. ते आठ वर्षांचे असताना आई गेली. पुढे वडिलांनीच त्यांना वाढवलं. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा मोठा नाद होता. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. ज्योतिषावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण त्या घरात आकडे हे परीक्षेपुरते पाहुणे नव्हते, रोजच्या बोलण्यातले होते. मुलाला हिशेबाची गोडी लागली ती तिथेच.

माध्यमिक शिक्षण ठाण्याला झालं. १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाने, विद्यार्थ्यांनी केलेल्या स्वतंत्र गणिती कामासाठी तिथे एक पारितोषिक दिलं जाई. परांजपे म्हणजे केंब्रिजला सीनिअर रँग्लर झालेले पहिले भारतीय. १९२७ साली हे पारितोषिक कापरेकरांना मिळालं. १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले.

इथे त्यांचं औपचारिक शिक्षण संपलं. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही, विद्यापीठात नोकरी नाही. देवळालीच्या शाळेत ते गणिताचे शिक्षक झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. दिवसा वर्ग, वह्या आणि पेपर तपासणी. उरलेल्या वेळात आकडे. कॅल्क्युलेटर नव्हता, संगणकाचा तर प्रश्नच नव्हता. कागद, पेन्सिल आणि चिकाटी एवढंच भांडवल.

स्टेशनचं नाव मिळालेली संख्या

कापरेकरांची एक सवय लक्षात घेण्यासारखी आहे. एखादा नवा संख्यासमूह सापडला, की ते त्याला आपल्या आजूबाजूचं नाव देत. जड लॅटिन नाव शोधायला ते गेले नाहीत.

मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर, तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवर, डेमलो नावाचं स्टेशन होतं. आजचं डोंबिवली ते हेच, असं सांगतात. एका विशिष्ट प्रकारच्या संख्यांचा विचार कापरेकरांच्या मनात त्या स्टेशनावर आला, म्हणून त्या झाल्या ‘डेमलो संख्या’. त्यातल्या सगळ्यात देखण्या या बघा:

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

‘रामाला भाला मारा’ हे वाक्य जसं उलटं वाचलं तरी तेच राहतं, तशाच या संख्या. त्यामागे जादू नाही. १११ ला १११ ने गुणताना आपण १११ तीनदा लिहितो, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. उभ्या रकान्यांची बेरीज करत गेलं, की १, २, ३, २, १ येते. नऊ एकांपर्यंत हा डोलारा टिकतो. दहाव्या एकाला मधल्या रकान्याची बेरीज १० होते, हातचा येतो आणि रांग बिघडते. ‘हातचा’ म्हणजे नेमकं काय आणि तो कधी येतो, हे दुसरीतल्या पोराला समजवायला याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण.

दुसरं नाव त्यांनी आपल्या गावाचंच दिलं. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ४७ घेतले तर ४ + ७ = ११, म्हणून ४७ + ११ = ५८. म्हणजे ४७ पासून ५८ जन्मली. आता उलटा प्रश्न विचारू. प्रत्येक संख्या अशी कुठून तरी जन्मते का? नाही. २० चं बघा. १४ पासून १९ मिळते, १५ पासून थेट २१. मधली २० कोणाच्याच वाट्याला येत नाही. तिला कोणी जन्मदाता नाही, ती स्वयंभू. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘देवळाली संख्या’ म्हटलं. इंग्रजीत त्या ‘सेल्फ नंबर’ म्हणून ओळखल्या जातात. १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. वीसनंतर प्रत्येक वेळी ११ ची उडी दिसते ना? पण पुढे हा नियम असाच कायम चालत नाही. अशा संख्या अनंत आहेत, हे सिद्ध झालेलं आहे.

तिसरं नाव संस्कृत. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, ती ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी. १२ ची अंकबेरीज ३, आणि १२ ला ३ ने भाग जातो. आपल्या जिल्ह्याचा गाडीचा क्रमांक ३६ घ्या. ३ + ६ = ९, आणि ९ × ४ = ३६. म्हणजे भंडाऱ्याची प्रत्येक गाडी एक हर्षद संख्या मिरवत फिरते! रामानुजन आणि हार्डी यांच्या गोष्टीतला तो प्रसिद्ध टॅक्सी नंबर १७२९ सुद्धा हर्षद आहे. त्याची अंकबेरीज १९, आणि १९ × ९१ = १७२९.

कापरेकरांचं स्वतःचं नाव असलेल्याही संख्या आहेत. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. तसंच ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० + २५ = ५५. म्हणजे २०२५ साल असं खास होतं, आणि असं पुढचं साल यायला बरोबर एक हजार वर्षं आहेत. २९७ आणि ७०३ याही त्याच घराण्यातल्या. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. ७०३ चं तुम्हीच करून बघा.

६१७४ च्या आत काय चालतं?

६१७४ चा शोध कापरेकरांना १९४६ मध्ये लागला. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला, आणि १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकी नियतकालिकात त्यावर लेख आला.

सगळे रस्ते एकाच संख्येपाशी का जातात? ०००१ पासून ९९९८ पर्यंतच्या हजारो संख्या, मग सगळ्या तपासायच्या म्हणजे आयुष्य जायचं. पण थोडा विचार केला, तर काम फार लहान होतं.

चार अंक उतरत्या क्रमाने लावले, समजा क, ख, ग, घ. सगळ्यात मोठा क, सगळ्यात लहान घ. मोठ्या संख्येतून लहान वजा केली, की उत्तर नेहमी असं येतं:

९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग)

म्हणजे मूळ संख्या कोणती याला महत्त्व नाही. महत्त्व आहे फक्त दोन फरकांना: टोकाच्या अंकांचा फरक आणि मधल्या अंकांचा फरक. १९०४ मध्ये टोकाचा फरक ९ आणि मधला ३. ९९९ × ९ + ९० × ३ = ९२६१. वर आलं होतं तेच.

टोकाचा फरक १ ते ९ असू शकतो, आणि मधला फरक त्याच्याहून मोठा होऊ शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर फक्त ५४ भरतात. म्हणजे पहिल्याच वजाबाकीत जवळपास १०,००० संख्यांची गर्दी ५४ उत्तरांत आटोपते. आता ५४ संख्या तर एका दुपारी हातानेही तपासता येतात. आणखी एक, ९९९ आणि ९० दोन्हींना ९ ने भाग जातो, म्हणून प्रत्येक उत्तरालाही जातो. वाट चुकायला फारशी जागाच उरत नाही. सगळ्या संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ला पोचतात.

गंमत म्हणजे हे प्रत्येक वेळी घडत नाही. तीन अंकी संख्यांचा शेवट ४९५ वर होतो. दोन अंकी संख्या मात्र थांबतच नाहीत. ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि पुन्हा ८१, असं रिंगण चालू राहतं. पाच अंकांनाही एकच एक मुक्काम नाही, तिथेही रिंगणंच आहेत. चार अंकांना जे लाभलं ते पाचांना नाही.

एकच कृती पुन्हा पुन्हा करायची आणि उत्तर बदलायचं थांबेपर्यंत करत राहायची, ही कल्पना आजच्या तंत्रज्ञानात सगळीकडे आहे. जिथे बदल थांबतो त्याला ‘स्थिर बिंदू’ म्हणतात. वर्गमूळ काढताना आधी अंदाज बांधायचा आणि तो सुधारत जायचा, ही रीत याच जातीची. गूगलच्या मूळ ‘पेजरँक’ पद्धतीत कोणतं पान किती महत्त्वाचं हे असंच ठरायचं: आकडे पुन्हा पुन्हा मोजायचे, स्थिरावले की थांबायचं. कापरेकरांनी गूगलचं काही बनवलं नाही, हे उघड आहे. पण ‘स्थिर बिंदू’ आणि ‘रिंगण’ हे दोन शब्द सहावीतल्या मुलाला समजवायचे असतील, तर त्यांची वजाबाकी पुरते. लागतं काय, तर वजाबाकी येणं.

याला गणित म्हणायचं का?

कापरेकरांच्या वाट्याला सगळं कौतुकच आलं, असं मुळीच नाही. त्यांच्या काळातल्या अनेक गणितज्ञांना हे काम पोरखेळ वाटायचं. त्यामागे निव्वळ आकस होता असंही नाही. हे गुणधर्म आपण दहाच्या पटीत संख्या लिहितो म्हणून दिसतात. त्याच संख्या संगणकासारख्या ० आणि १ मध्ये लिहिल्या, तर ६१७४ चा रुबाब राहत नाही. गणितज्ञ शोधत असतो संख्येचा स्वभाव. कापरेकर बघत होते संख्येचा पोशाख, असा तो आक्षेप. शिवाय ते नमुने भराभर दाखवत, पण प्रत्येकामागचा सर्वसाधारण सिद्धांत उभा करण्यावर त्यांचा भर नसे.

आक्षेपात तथ्य आहे. पण त्याची किंमत एका माणसाने मोजली, हेही खरं. त्यांचं बरंचसं काम स्वतः छापलेल्या पुस्तिकांतून किंवा लहानसहान नियतकालिकांतून बाहेर आलं. डेमलो संख्यांवरची पुस्तिका १९४८ ची, देवळाली संख्यांवरची १९६३ ची. आवर्ती दशांशांवरही त्यांनी पुस्तिका काढल्या. गणित परिषदांना ते जात राहिले. आजूबाजूची कॉलेजं त्यांना भाषणाला बोलवत. १९६६ मध्ये पत्नी गेली. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून उतारवयात गणित-विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. आकड्यांचा नाद मात्र सुटला नाही. कोपर्निकसच्या जन्माला १९७३ मध्ये ५०० वर्षं झाली, तेव्हा त्यांनी त्याच्या नावाने एक जादूचा चौरस रचला. त्यावरचा त्यांचा लेख पुढच्या वर्षी भारतीय विज्ञानेतिहासाच्या नियतकालिकात छापून आला.

मग मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मधल्या आपल्या स्तंभात कापरेकर आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांबद्दल लिहिलं. हा स्तंभ तेव्हा जगभरचे गणितप्रेमी डोळ्यांत तेल घालून वाचत. देवळालीतल्या मास्तरांचं नाव एका लेखाने सातासमुद्रापार गेलं. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये त्यांचं निधन झालं. आज पूर्णांकांच्या ऑनलाइन विश्वकोशात कापरेकर संख्या, हर्षद संख्या, सेल्फ नंबर, सगळ्यांच्या स्वतंत्र नोंदी आहेत. त्या संख्यांवर प्रबंध लिहिले जातात, सिद्धांत मांडले जातात. पोरखेळ म्हणून हसलं गेलं, त्यातूनच पुढे मोठ्यांसाठी प्रश्न निघाले.

आपल्या वर्गात हे कसं आणायचं?

गणिताची भीती घालवायची म्हटलं, की आपण बहुतेक वेळा ॲप, व्हिडिओ, स्मार्ट बोर्ड यांच्याकडे बघतो. ते वाईट नाहीत. पण झाडीपट्टीतल्या एखाद्या शाळेत नेट गेलं, वीज गेली, तरी ६१७४ जात नाही. करून बघण्यासारख्या काही गोष्टी:

एक. प्रत्येक मुलाने घरच्या किंवा शेजारच्या गाडीचे चार आकडे आणायचे आणि ६१७४ ला पोचायला किती पायऱ्या लागतात ते मोजायचं. एखाद्याला शून्य पुढे आल्यावर अडचण येईल. १००० मधून ०००१ वजा केल्यावर ९९९ उरतात, ते ०९९९ लिहायचे. ‘पुढच्या शून्याला किंमत नाही’ असं आपण शिकवतो, तिथे मूल थांबून विचार करतं. वाद होऊ द्या.

दोन. फळ्यावर १ ते १०० लिहा आणि हर्षद संख्यांभोवती गोल करा. कोणाचा हजेरी क्रमांक हर्षद निघाला ते बघा. भागाकाराची ही उजळणी आहे, पण मुलांना ती उजळणी वाटत नाही.

तीन. गावाच्या नावाची संख्या काढा. कापरेकरांनी देवळालीला दिली, तर लाखनीला का नाही, मोहाडीला का नाही? मुलांनी स्वतः एक नियम बनवायचा, त्यात बसणाऱ्या पाच संख्या शोधायच्या आणि त्यांना आपल्या गावाचं नाव द्यायचं. नियम जुनाच निघाला तरी चालेल. व्याख्या कशी करतात, हे त्यातून कळतं. पाठ करून ते कळत नाही.

चार. वरच्या वर्गातल्या मुलांना संगणक मिळत असेल, तर सहा अंकी संख्यांचं काय होतं ते प्रोग्राम लिहून शोधायला सांगा. आधी अंदाज वहीत लिहायचा, मगच बटण दाबायचं.

या चारही गोष्टींत चुकीची वजाबाकी लगेच पकडली जाते. सात पायऱ्यांत ६१७४ आलं नाही, म्हणजे मध्ये कुठेतरी हातचा चुकला. मुलाला चूक सांगायला शिक्षक लागत नाही, संख्याच सांगते. आणि चूक शोधून ६१७४ वर पोचलेलं पोर स्वतःला ‘गणितात कच्चा’ म्हणायला जरा बिचकतं. एवढंही पुष्कळ झालं.

शेवटी दोन हिशेब, करून बघण्यासाठी. ६१७४ ची अंकबेरीज १८ आहे. १८ ने भाग द्या, नि:शेष जातो, आणि येतात ३४३, म्हणजे ७ × ७ × ७. म्हणजे कापरेकरांचा स्थिरांक त्यांच्याच हर्षद घराण्यातला आहे. दुसरा हिशेब त्यांच्या जन्मसालाचा. १९०५ हे चार आकडे घेऊन निघालं, की ६१७४ ला पोचायला पूर्ण सात पायऱ्या लागतात, एकही कमी नाही. तुमच्या जन्मसालाला किती लागतात?